कैसर, झार आणि ‘सिझर’

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’मधले दोन प्रवेश मुलांकडून करवून घ्यावेत, अशी टूम निघाली. प्रवेश ठरले, मुलेही ठरली. अडले ते नावांपाशी. सीझर, ब्रूटस, कॅशियस, सिन्ना ही नावे ढाणकीत कोणाच्या तोंडात बसणार? एक सहकारी म्हणाले, सरळ मराठी नावे घाला. सीझरचा सूर्याजीराव करा, ब्रूटसचा बाजीराव करा, म्हणजे पुढे बसलेल्या आयाबायांनाही कळेल. मी कादंबऱ्या लिहितो, तेव्हा पात्रांना नावे ठेवण्याची मला सवय असणार, या समजुतीने ते काम माझ्या गळ्यात पडले.

त्याच संध्याकाळी पिठाच्या गिरणीवर आमच्या गल्लीतल्या एक मावशी भेटल्या. त्यांची सून बाळंतपणासाठी उमरखेडला दवाखान्यात होती, म्हणून विचारले, “काय मावशी, सूनबाई कशी आहे?”

“बरी हाय गुरुजी. पर सिझर करावं लागलं. पोरगी झाली. दोघी बी खुशाल हायेत.”

मी दळण तिथेच ठेवून क्षणभर उभा राहिलो. जे नाव ढाणकीच्या तोंडात बसणार नाही म्हणून आम्ही पदवीधर आणि बिनपदवीधर मास्तर दुपारभर घसा कोरडा करीत होतो, ते या मावशींच्या तोंडात केव्हाच बसले होते. नुसते बसले नव्हते, घरातल्या भांड्यासारखे वापरून गुळगुळीत झाले होते. ‘सीझर’मधला दीर्घ ईकारसुद्धा त्यांनी आपल्या सोयीने ऱ्हस्व करून टाकला होता. इतकेच नव्हे, तर रोमचा तो पराक्रमी पुरुष मराठीत येऊन नपुंसकलिंगी झाला होता: ते सिझर, ते झालं, ते करावं लागलं!

त्या दिवसापासून हे नाव माझ्या डोक्यातून जाईना. लॅटिन काही मला येत नाही. मॅट्रिक झालेल्या माणसाचे ते कामही नव्हे. पण शब्दांच्या मागे हिंडण्याची खोड जुनी आहे.

पहिली गोष्ट ही, की सीझर हे त्या माणसाचे आपल्या अर्थाने नाव नव्हतेच. त्याचे नाव गायस. ज्युलियस हे कुळाचे नाव, आणि सीझर हे त्या कुळातल्या एका शाखेला चिकटलेले आडनाव. रोमन लोकांची ही तिसरी नावे आपल्या आडनावांच्या थेट नात्यातली आहेत. आपल्याकडे काळे, गोरे, टकले, लांडगे, मुळे, भोपळे आहेत. त्यांच्याकडेही पूर्वजाच्या अंगावरची एखादी खूण, एखादे व्यंग, एखादी भाजी पिढ्यान्‌पिढ्या मागे लागलेली असे. ब्रूटस म्हणजे जड बुद्धीचा, मठ्ठ. सिसेरो हे नाव तर हरभऱ्यावरून आले. कुणा पूर्वजाच्या नाकाच्या शेंड्यावर हरभऱ्यासारखी खाच असावी, असे प्लुटार्क सांगतो. राजकारणात शिरताना मित्रांनी त्याला हे हास्यास्पद नाव बदलायला सुचवले, तेव्हा सिसेरो बधला नाही. या हरभऱ्यालाच मी थोरामोठ्यांच्या नावांपेक्षा मोठे करून दाखवीन, असे त्याने सांगितले. पुढे देवाला चांदीचे भांडे वाहिले, त्यावर आपली पहिली दोन नावे कोरून घेतली आणि तिसऱ्याच्या जागी हरभऱ्याचा दाणा काढवला. आमच्याकडे बारशाला घुगऱ्या वाटतात, तेव्हा मला आता या गृहस्थांची आठवण होते.

मग सीझर म्हणजे काय? गंमत अशी, की हे खुद्द रोमनांनाही नक्की ठाऊक नव्हते. त्यांच्या एका जुन्या चरित्रग्रंथात एकदम चार अर्थ दिलेले आहेत. या घराण्यातल्या कुणा पुरुषाने लढाईत हत्ती मारला आणि मूर लोकांच्या भाषेत हत्तीला तशासारखा शब्द होता, हा एक. मेलेल्या आईचे पोट फाडून काढलेले मूल, हा दुसरा. जन्मतःच डोक्यावर दाट केस होते, हा तिसरा. आणि डोळे घारे होते, हा चौथा. चार अर्थ सापडले की समजावे, खरा हरवला आहे.

यांतला पोट फाडण्याचा अर्थ प्लिनीनेही दिला आहे आणि तोच दवाखान्यात टिकला. परंतु पूर्वजाची ही कथा ज्युलियस सीझरला लावता येत नाही. त्याकाळी पोट फाडत ते आई मेल्यावर किंवा मरणाच्या दारात असताना, आणि याची आई ऑरेलिया तर मुलगा चाळिशी उलटून सेनापती होईपर्यंत जिवंत होती. केसांचा अर्थ त्याला शोभतच नाही. तो टकला होता, मागचे केस पुढे ओढून विंचरीत असे आणि विजयाची पर्णमाला कायम डोक्यावर ठेवण्याचा मान मिळाला तेव्हा त्याला फार आनंद झाला, अशी चहाडी सुएटोनियसने करून ठेवली आहे. हत्ती मात्र त्याला आवडला असावा. त्याच्या चांदीच्या नाण्यावर हत्ती आहे आणि खाली ‘सीझर’ अशी अक्षरे आहेत.

केसांच्या अर्थापाशी मात्र मराठी वाचकाने थोडे थांबावे. लॅटिनमधला केसांचा तो शब्द आणि आपला ‘केसर’, म्हणजे सिंहाची आयाळ, हे दोन्ही एकाच जुन्या मुळापासून आले असावेत, असे मानणारे भाषापंडित आहेत. ते खरे धरले, तर १८७७ मध्ये इंग्रजांनी दिल्लीत ‘कैसर’ उभा केला आणि चारच वर्षांनी, १८८१ मध्ये, पुण्याला ‘केसरी’ निघाला, हा नुसता इतिहासाचा नव्हे तर व्युत्पत्तीचाही खेळ म्हणायचा. मी यावर पैज लावणार नाही. पण मोह सुटत नाही.

‘कैसर’ म्हटले तेव्हा मुद्द्यावर आलो. लॅटिनात या नावाचा उच्चार ‘सीझर’ नव्हताच. तो ‘कैसर’च्या जवळ होता. म्हणजे इंग्रजी शिकलेला मास्तर ‘सीझर’ म्हणतो तो मूळ उच्चारापासून दूर आणि आमच्या गावातला उर्दू बोलणारा एखादा म्हातारा ‘कैसर’ म्हणतो तो जवळ. हे नाव आपल्या देशात एका वाटेने आलेच नाही. आज पाकिस्तानात असलेल्या अटकेजवळच्या आरा गावी एक कोरीव लेख सापडला. त्यात कनिष्क नावाच्या कुशाण राजाने महाराज, राजाधिराज, देवपुत्र या बिरुदांच्या रांगेत ‘कैसर’ हेही एक बिरुद लावले आहे. म्हणजे शेक्सपिअरच्या कितीतरी शतके आधी हे नाव सिंधूपर्यंत येऊन पोचले होते. पुढे अरबी-फारसीतून रूमचा बादशहा तो कैसर, असे रूढ झाले. ‘रूमशाम’ हा शब्द जुन्या मराठीला परका नाही. विजापूरची मुलूखमैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली, ती ओतणारा कारागीरही रूमीच म्हणवीत होता. मराठी बायबलातही येशूपुढे नाणे धरतात तेव्हा त्यावरचे चित्र कैसराचे असते, सीझरचे नसते. रशियाच्या वाटेने याच नावाचा ‘झार’ झाला आणि त्याला शेपूट जोडून आपण ‘झारशाही’ केली. जर्मनीचा कैसर पहिल्या महायुद्धात वर्तमानपत्रांतून घरोघर गेला. त्याच्या पाळण्यातल्या कुळनावाने, ज्युलियसने, आपला अख्खा एक महिना व्यापला आहे. आमच्याकडे पेरण्या आटोपून माणसे आभाळाकडे डोळे लावतात तो जुलै.

या सगळ्यांत इंग्रजांनी केलेला वापर मला सर्वांत धूर्त वाटतो. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचे जाहीर झाले. तिला देशी भाषेत काय म्हणावे, हा पेच होता. बादशहा म्हटले तर मोगल आठवणार. महाराणी म्हटले तर संस्थानिकांच्या पंक्तीला बसणार. लाहोरच्या कॉलेजचे प्रिन्सिपॉल लाइटनर यांनी ‘कैसर-इ-हिंद’ सुचवले. शब्द सर्वांच्या ऐकण्यातला, भव्य, आणि इथल्या कोणत्याही गादीची आठवण न करून देणारा. बाईला पुरुषाचे बिरुद लावतो आहोत, याची कोणी फिकीर केली नाही.

त्यावेळी दक्षिणेत आणि मुंबई इलाख्यात दुष्काळाने माणसे मरत होती. पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या वतीने गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, त्या दरबाराला गेले ते हाताने कातलेल्या सुताच्या जाड्याभरड्या कपड्यांत. जरीच्या त्या गर्दीत या माणसाने मागणी मांडली ती एवढीच, की राणीच्या इतर प्रजेला जे हक्क आहेत ते आम्हांलाही मिळावेत. नवे नाव धारण केलेल्या सत्तेकडे त्या नावाला शोभेल असे काही मागणे, हे त्या दरबारात त्यांना सुचले.

पुढे १९०० मध्ये याच नावाचे पदक निघाले. १९१९ मध्ये पंडिता रमाबाईंना ते मिळाले. गांधीजींना १९१५ मध्ये मिळाले होते आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांनी ते परत पाठवले. इंग्लंडच्या राजाने हिंदुस्थानचा सम्राट हे बिरुद उतरवले ते १९४८ मध्ये, आपल्या स्वातंत्र्याला दहा महिने होऊन गेल्यावर. रशियाचा झार १९१७ मध्ये गेला, जर्मनीचा कैसर १९१८ मध्ये.

एका टकल्या माणसाच्या आडनावाची ही यात्रा आहे. आता नाटकाकडे वळतो, कारण माझे खरे भांडण तिथे आहे.

आपल्या मराठी रंगभूमीने शेक्सपिअर मोठ्या हौसेने घरात घेतला, पण उंबऱ्यावर त्याची नावे उतरवून ठेवली. १८७२ मध्ये काशिनाथ गोविंद नातू यांनी ‘ज्युलियस सीझर’ मराठीत आणले ते ‘विजयसिंग’ या नावाने. वऱ्हाडात शिक्षणखात्यात काम केलेल्या विष्णु मोरेश्वर महाजनींनी १८७९ मध्ये ‘सिंबेलाइन’चे ‘तारा’ केले. आगरकरांच्या ‘विकारविलसिता’त, १८८३ मध्ये, हॅम्लेटचा चंद्रसेन झाला. देवलांनी १८९० मध्ये ऑथेल्लोचा झुंजारराव केला. या मंडळींना दोष देण्याइतका मी मोठा नाही. प्रेक्षकाला नाटक आपले वाटावे, ही त्यांची तळमळ होती आणि ती फळली. गणपतराव जोशांचा चंद्रसेन पाहायला माणसे लोटत. झुंजारराव हे नाव तर इतके बेमालूम आहे की तो मुळात मूर होता हे विसरायला होते. ऑथेल्लोच्या दुःखाचे मूळ त्याच्या संशयात आहे आणि संशयाला कोणतेही नाव चालते.

पण सीझरचा विजयसिंग होऊ शकत नाही. ही नावाची अडचण नाही, नाटकाचीच आहे.

हे नाटकच मुळी एका नावाबद्दल आहे. कॅशियस ब्रूटसला फितवतो तेव्हा सीझरच्या गुन्ह्यांची यादी वाचत नाही. तो दोन नावे शेजारी ठेवतो आणि विचारतो, की या नावात असे काय आहे, जे तुझ्यात नाही? लिहून बघ, बोलून बघ, तोलून बघ, मंत्र म्हणून भूत उठवून बघ, दोन्ही सारखीच. सगळ्या कटाची ठिणगी ही आहे. स्वतः सीझर अनेकदा ‘मी’ म्हणत नाही. सीझर घाबरत नाही, सीझर बाहेर पडणार, असे तो स्वतःबद्दल तिऱ्हाइतासारखे बोलतो. जणू सीझर नावाची एक गादी आहे आणि हा कानाने थोडा बहिरा, फेफऱ्याने पडणारा म्हातारा तिच्यावर बसला आहे. नाटकाच्या मध्यावरच त्याला मारतात. माणूस मरतो, नाव मरत नाही. ब्रूटस चौकात येऊन राज्यकारभार एकाच्या हाती का जाऊ द्यायचा नाही हे लोकांना पटवून देतो, आणि त्यातलाच एक जण टाळ्यांच्या भरात ओरडतो की आता यालाच सीझर करा! मला या नाटकातली सर्वांत भयंकर जागा ही वाटते. ज्याने राजेपणाचा खून केला, त्याला लोक बक्षीस म्हणून तेच नाव देऊ करतात. ब्रूटस तेव्हाच हरला. पुढची लढाई नुसती औपचारिक.

आणि इतिहासात झालेही तसेच. सीझरच्या बहिणीचा नातू, अठरा वर्षांचा पोर, मृत्युपत्राने दत्तक गेला आणि त्याने पहिली गोष्ट केली ती ते नाव लावण्याची. तुझे जे काही आहे ते त्या नावाचे आहे, असे अँटनीने त्याला हिणवले होते. दत्तकाच्या वादांवर ज्या मराठी मुलखात राज्ये गेली, तिथल्या वाचकाला यात समजावून सांगण्यासारखे काही नाही. इ. स. ६८ मध्ये नीरोबरोबर त्या घराण्यातला शेवटचा पुरुष संपला. नंतर जो गादीवर आला त्यानेही तेच नाव घेतले, कारण आता ते आडनाव राहिले नव्हते, हुद्दा झाला होता.

आता या जागी विजयसिंग घालून पाहा. ‘आता यालाच विजयसिंग करा’ या वाक्याला मराठीत अर्थ काय? विजयसिंग ही एक व्यक्ती आहे. चांगली असेल, वाईट असेल, तिला मारल्यावर ती संपते. नाटक मग एका खुनाचे आणि सुडाचे होते, आणि तशी नाटके आपल्याकडे ढिगाने होती. शिवाय अवघ्या पाच वर्षांनी तेच नाव इथल्या राणीच्या अंगावर चढणार होते. रंगभूमीवर कैसराला भोसकले जात आहे आणि दाराबाहेर कैसर-इ-हिंदचा अंमल आहे, हा योग मराठी नाटकाला साधता आला असता. नाव बदलल्याने तो आपोआप टळला.

याच नाटकात एक लहान प्रवेश आहे. पुष्कळदा तो गाळतात. आम्ही नेमका तो घेतला होता. सिन्ना नावाचा एक कवी रस्त्याने चाललेला असतो. खवळलेला जमाव त्याला अडवतो, नाव विचारतो. कटात दुसरा एक सिन्ना होता. हा ओरडून सांगतो की मी तो नव्हे, मी कवी सिन्ना. जमाव म्हणतो, असू दे, नाव तेच आहे ना? मग वाईट कविता करतो म्हणून मारा! नावापायी मारला गेलेला हा बिचारा खरोखरीचा माणूस होता. प्लुटार्कने त्याची हकीकत दिली आहे आणि शेक्सपिअरने ती तिथूनच उचलली. वरवर पाहता विनोदी प्रवेश. पण नुसत्या नावावर माणसाचा जीव घेता येतो, हे दाखवायला त्याहून धारदार प्रवेश मी वाचलेला नाही. आपल्याकडे आडनाव विचारून मग पाणी द्यायचे की नाही ते ठरवीत. ती चौकशी सगळीच बंद झाली आहे असे म्हणवत नाही. या प्रवेशाला वेगळे भाष्य कशाला हवे?

माझ्याकडूनही हे पाप घडलेले आहे. आमच्या वऱ्हाडात शेगावच्या महाराजांच्या कृपेने वर्गात दोन-तीन गजानन असतातच. एका गजाननाने भिंतीवरचा नकाशा फाडला आणि मी रागाच्या भरात दुसऱ्याला दिवसभर दाराबाहेर उभे केले. “गुरुजी, मी तो गजानन नाही,” असे तो दोनदा म्हणाला. मला वाटले, थापा मारतो. दुसऱ्या दिवशी खरे कळले, तेव्हा मी त्याची माफी मागितली, पण वर्गात नाही, व्हरांड्यात.

विसाव्या शतकात हे नाव मराठी रंगभूमीवर जसेच्या तसे उभे राहिले, त्याचे श्रेय शिरवाडकरांना द्यावे लागेल. ‘नटसम्राट’मधले गणपतराव बेलवलकर आपण रंगवलेल्या भूमिकांची नावे घेतात, त्यांत ज्युलियस सीझर आहे. १९७० च्या प्रेक्षकाला तिथे विजयसिंगाची गरज भासली नाही. आणि तिथेही प्रश्न तोच आहे: नावे सगळी अंगावरून उतरली की खाली जो उरतो, तो म्हातारा कोण? शिरवाडकरांनी सीझरचे नाटक मराठीत केले नाही, पण सीझर या नावाचे मर्म त्यांनी या एका यादीत पकडले, असे माझे मत आहे. समीक्षकांनी ते अधिक तपासून पाहावे.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत मी सांगितले, की नावे बदलायची नाहीत. सहकाऱ्यांनी विचारले, बायांना कळेल का? मी मावशींचे वाक्य त्यांना ऐकवले. सगळे हसले, पण मुद्दा मान्य झाला. जे नाव परके म्हणून विद्वानांनी शंभर-दीडशे वर्षांपूर्वी दाराबाहेर ठेवले, ते बायकांनी दवाखान्याच्या दारातून आत आणले. त्यांनी त्याचे भाषांतर केले नाही, त्याला मराठी पागोटे घातले नाही. काम होते, नाव मिळाले, वापरले. रोमन बायकांच्या वाट्याला जे आईच्या मरणाचे नाव होते, त्याचा अर्थ आज आई आणि मूल दोघेही वाचली असा होतो.

तालमी सुरू झाल्या. सीझर व्हायला सगळेच तयार होते, ब्रूटस व्हायला दोघेतिघे. कवी सिन्ना व्हायला कोणी पुढे येईना; एकच मिनिटाचे काम आणि तेही मार खाण्याचे. शेवटी मागच्या बाकावरून हात वर आला. तो दाराबाहेर उभा केलेला गजानन होता. जमावातल्या पोरांना मी चार-चार वेळा सांगितले, असे ओरडा, तसे धावा. मी तो नव्हे, हे वाक्य कसे म्हणायचे, ते त्याला एकदाही सांगावे लागले नाही.